मे महिन्यात तिलारीच्या धरणात गळाला मासे लागतील का? कुठे बसावं, काय लावावं?

तुम्ही लिहिलंय की शेततळ्यात रोहू धरायची सवय आहे, मे महिन्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला पाहुण्यांकडे येताय आणि तिलारीवर दोन-तीन सकाळी गळ टाकायचा विचार आहे.

मासे लागतील, पण शेततळ्याचा हिशोब इथे चालणार नाही. शेततळं म्हणजे परात, गळ कुठेही टाका, तळ सारखाच. तिलारीत पाण्याखाली अख्खं खोरं आहे. नदीचं जुनं पात्र, भातमळ्यांचे बांध, पायवाटा, झाडांची खोडं, दोन्ही बाजूंना उभा डोंगर. मासा त्या बुडालेल्या जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे राहतो आणि फिरतो.

आधी परवानगीचं बघा. धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे कोकणातले मासे नाहीत आणि साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. तुमच्या गळाला लागणारा रोहू कुणाच्या तरी पैशाने वाढलेला असतो. गावात चौकशी करा, ठेकेदार संस्थेला विचारा, पावती असेल ती घ्या. भिंतीजवळ, सांडव्यावर आणि वीजघराच्या बाजूला अजिबात बसू नका. घाटमाथ्यावर चंदगड तालुक्यातल्या वरच्या धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी खाली सोडतात आणि ते तुम्हाला सांगून येत नाही.

आता पाणी. तिलारी महाराष्ट्र आणि गोवा यांचा एकत्र प्रकल्प आहे. कालव्यांनी दोन्हीकडे पाणी जातं आणि उन्हाळ्यात पातळी उतरत जाते. मे महिन्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही नीट मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू खाऊन टाकतो. म्हणून या दिवसांत ‘जितकं खोल तितका मोठा मासा’ हे खरं नाही. पंधरा मीटर खोल पाण्यात तळाला गळ सोडून बसलात तर दिवस फुकट जाईल. मी दोन ते चार मीटरचं पाणी धरतो आणि त्यातही जिथे उथळाला लागून एकदम खोल उतार आहे, अशी कड शोधतो.

ती कड शोधायची रीत सोपी आहे. गळात शिशाचा जड तुकडा अडकवा, बूच तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, वरखाली सरकवत टाकत राहा. बूच बुडालं तर पाणी जास्त, आडवं पडलं तर कमी. दहा-बारा ठिकाणी असं केलं की पाण्याखालचा बांध डोळ्यांसमोर उभा राहतो. शिवाय मे महिन्यात पाणी उतरल्यामुळे अर्धी जमीन उघडीच असते. बांध कुठून कुठे जातो, व्हाळ (ओढा) कुठे मिळतो, खोडं कुठे आहेत, याचे फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरात पाणी भरलेलं आणि निवळलेलं असताना परत याल तेव्हा हेच फोटो तुम्हाला जागा दाखवतील. माझ्या मते मे महिन्यातल्या फेरीची खरी कमाई हीच.

वाऱ्याकडे लक्ष द्या. दुपारी समुद्रावरचा वारा खोऱ्यात शिरतो आणि वरचं पाणी, त्यातल्या बारीक खाद्यासकट, पूर्वेच्या काठाकडे ढकलतो. वारा तोंडावर घेऊन गळ फेकायला त्रास होतो, तरी मासा त्याच काठाला येतो. सकाळ मात्र कुठेही चांगली. पूर्वेला सह्याद्री आडवा असल्याने ऊन पाण्यावर उशिरा पडतं आणि मासा खाण्यावर जास्त वेळ टिकतो.

आमिषाचं म्हणाल तर कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. त्याला पाण्यात विरघळून पसरेल असं भाजलेलं पीठ आणि शेंगदाण्याची पेंड. रोहू मधल्या थरातला, मृगळ तळ चाळणारा. या दोघांना घट्ट कणीक किंवा गांडूळ चालतं. रोहू ओठांनी चोखत खातो, बूच आधी नुसतं थरथरतं. तेव्हा झटका देऊ नका, बूच सरळ चालायला लागलं की द्या. खोडांच्या जागी ०.३५ ते ०.४० मिमीचा तंगूस घ्या आणि शिसं तंगुसाच्या वेगळ्या, बारीक तुकड्याला बांधा. अडकलं तर तेवढं शिसं तुटतं, गळ आणि मासा हाताशी राहतो.

मरळ धरायची असेल तर पहाटे गवताची कड धरा. ती हवेतला श्वास घ्यायला वर येते, पाण्यावर बुडबुडा आणि वळसा दिसला की तिथून थोडं पुढे रबरी बेडूक टाकून ओढत आणा. जिवंत बेडूक लावू नका. पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर त्याखाली त्यांची आई किंवा बाप राखणीला असतो. त्याला सोडून द्या, नाहीतर पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

अंधार पडायच्या आत उठा. दोडामार्गात २००२ पासून जंगली हत्तींचा वावर आहे आणि ते पाण्यावर येतात. हत्ती कुठे आहेत हे गावातल्यांना रोज माहीत असतं, विचारूनच निघा. पाणी उतरलेल्या काठावरचा गाळ वरून सुकलेला दिसतो, आत मांडीपर्यंत रुततो. एकट्याने त्यात पाय घालू नका.

जूनच्या पहिल्या पावसापर्यंत थांबणार असाल तर व्हाळांत चढणीचे मासे दिसतील. गावोगाव ते धरले जातात, मलाही त्यांची चव आवडते, पण ते पोटात अंडी घेऊन वर निघालेले असतात. त्या आठ-दहा दिवसांत मी गळ घरातच ठेवतो. जिलेटीनचा स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका, पोलीस पाटलाला कळवा.

मोठ्या सोनेरी खवल्यांचा खडस (महसीर) लागला तर हात ओले करून गळ काढा आणि पाण्यातच सोडा. तिलापिया लागला तर मात्र परत सोडू नका, घरी न्या. तो बाहेरून आलेला मासा आहे, उथळ पाण्यात भराभर वाढतो आणि इथल्या माशांची जागा खातो. तिरफळं घालून केलेल्या आमटीत तो चांगला लागतो.