कुमारी कंडम : यातला 'खंड' कॉन्टिनेंट आहे का?

प्रश्न असा होता की 'कुमारी कंडम' (समुद्रात बुडालेली तमिळांची भूमी म्हणून सांगतात ती) यातलं कंडम म्हणजे आपलं खंडच ना, मग कन्याकुमारीच्या दक्षिणेला अख्खं खंड बुडालंय याला हा शब्दच पुरावा नाही का, आणि लेमुरिया त्याचंच दुसरं नाव का.

कंडम म्हणजे खंड हे बरोबर, पण मेख तिथेच आहे. 'आशिया खंड' ही सवय आपल्याला शाळेतल्या भूगोलाने लावली, मूळ अर्थ नुसता तुकडा, भाग. पावसात खंड पडतो, ज्ञानकोशाचे खंड निघतात. सत्यनारायणाला गुरुजी हातावरून पळीभर पाणी सोडायला लावतात तेव्हाचा संकल्प आठवा, 'भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे'... सगळ्यात मोठं ते द्वीप, त्यात वर्ष, आणि वर्षाचा तुकडा तो खंड. स्कंदपुराणातली गोष्ट तर सरळ वाटणीची आहे, राजाला आठ मुलगे आणि एक मुलगी कुमारिका, भारतवर्षाचे नऊ भाग केले, लेकीच्या वाट्याला आलं ते कुमारिकाखंड (पुराणाच्या त्या भागाचं नावही कौमारिकाखंडच, म्हणजे खंडातला खंड!). तमिळ कंदपुराणातलं कुमारी कंडमही असंच भारताचा एक भाग आहे, बुडालेलं वगैरे काही नाही.

लेमुरियाचं गोत्रच वेगळं. लेमूर हे माकडासारखे प्राणी मादागास्करला, त्यांचे भाऊबंद भारतात, मग मधे जमीन असणारच असं म्हणून फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1864 साली हे नाव ठेवलं. लेमूर हे नाव रोमन लोकांच्या भुतांवरून आलंय, म्हणजे शब्दशः भुतांचा देश झाला. तिथे माणसं नंतर आली, 1888 मधे थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी एक अख्खा मानववंशच तिथे नेऊन बसवला. आणि तमिळ अभिमानाने पुढे ही दोन नावं एकत्र बांधली.

समुद्राने जमीन गिळली ही आठवण तमिळमधे खरंच जुनी आहे, शिलप्पदिकारम या जुन्या तमिळ महाकाव्यात पह्रुळी नदी समुद्राने नेल्याचा उल्लेख आहे, आणि हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता त्यामुळे रामेश्वर ते श्रीलंका पायी जाता आलं असतं. तेवढं मी मानतो. पण किनाऱ्याची पट्टी बुडणं वेगळं आणि खंड बुडणं वेगळं. मादागास्कर भारतापासून तुटलं त्याला झाली सुमारे 8.8 कोटी वर्षं, आपली मानवजात जेमतेम 3 लाखांची, तिथे संगम, म्हणजे तमिळ कवींच्या त्या प्राचीन सभा, भरवायला होतं कोण?

तुटलेलं खरं महाखंड हवं असेल तर ते गोंडवन, चंद्रपूरचा कोळसा त्याच्याच खडकांतला, आणि नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून. एडुआर्ड झ्यूस या भूवैज्ञानिकाने 1885 मधे ते उचललं आणि मागे 'लँड' चिकटवलं, ज्याची काही गरज नव्हती.