बास्केटबॉलमध्ये एकटा असताना क्रॉसओव्हर (टप्पा मारत चेंडू झटक्यात एका हातातून दुसऱ्या हातात नेणं) जमतो, समोर डिफेंडर आला की चेंडू जातो. काय चुकतंय?

तुम्ही पाच-सहा मूव्ह शिकलात, तरी सोसायटीच्या कोर्टवर चेंडू काढून घेतात. माझ्या मते गडबड हातात नाही, वेगात आहे. कबड्डीत चढाई करणारा हुलकावणी देतो ती आठवा: अंग एका बाजूला टाकतो, क्षणभर रेंगाळतो, मग झेपावतो. चेंडू या हातातून त्या हातात गेला पण वेग तोच राहिला, तर डिफेंडर एक पाऊल सरकतो आणि परत समोर हजर.

सध्या उजवीकडून डावीकडे जाणारा क्रॉसओव्हर तेवढा पक्का करा. दोघांत साधारण हातभर अंतर उरलं की सुरुवात करा. लांबून केलात तर त्याला सावरायला वेळ मिळतो. उजवा पाय बाहेर जोरात रोवा, खांदा आणि नजर उजवीकडेच. गुडघे वाकलेले. आता चेंडू गुडघ्याच्या खालून डावीकडे ढकला आणि डावा हात आधीच खाली तयार ठेवा. चेंडू हातात येतो न येतो तोच उजवा पाय त्याच्या पायाच्या बाहेरून पुढे टाका, म्हणजे तुमचा उजवा खांदा त्याच्या कमरेला लागून जाईल आणि चेंडू त्याच्यापासून लांब राहील. पुढचा टप्पा अंगाजवळ नको, समोर ढकला.

बहुतेकांची चूक इथेच होते: मूव्ह छान होते, मग माणूस पुढे न जाता आडवा जातो. सगळी मेहनत वाया.

कोणत्या बाजूने जायचं हे त्याचे पाय सांगतात. जो पाय पुढे आहे, त्या बाजूने जा. तुम्हाला अडवायला त्याला तो पाय मागे घेऊन वळावं लागतं. तो अगदी अंगाला भिडला असेल तर चेंडू समोरून नेऊच नका, पायांमधून न्या. तो आधीच तुमच्या डावीकडे झुकून वाट बघत असेल तर हेझिटेशन: मान वर, नजर रिंगवर, जणू शॉटच मारणार, आणि त्याच हाताने निघा. मान उचला, कंबर नाही; ताठ उभे राहिलात की पहिलं पाऊल मेलं. तळहात चेंडूखाली जाऊन चेंडू तिथे विसावला तर कॅरी, म्हणजे नियमभंग, धरतात.

रोज वीस मिनिटं पुरतात. जागेवर जोरात टप्पे, प्रत्येक हाताने तीस सेकंद, कच्च्या हाताने दुप्पट, नजर भिंतीवर. मग खुर्ची मांडून दोन्ही बाजूंनी दहा-दहा क्रॉसओव्हर, प्रत्येक लेअपपर्यंत (रिंगजवळ पोचून धावता मारलेला शॉट). शेवटी मित्रासोबत वन-ऑन-वन, फक्त तीन टप्प्यांची मुभा. ही अट असली की नाचकाम आपोआप बंद होतं.

सिमेंटच्या कोर्टवर रबरी चेंडू घ्या (पुरुषांना ७ नंबर, महिलांना ६), चामड्याचा लवकर सोलवटतो. खांद्यापासून सोडल्यावर साधारण कमरेपर्यंत उसळला तर हवा ठीक. जून ते सप्टेंबर पुण्यातल्या उघड्या कोर्टवर शेवाळ धरतं आणि रोवलेला पाय सटकतो. तेव्हा जागेवरचे टप्पे पार्किंगमध्ये करा. फक्त दुपारी एक ते चार सोडून, नाहीतर डिफेंडरआधी शेजारचे काका अडवतील.