‘बेन-हर’ पुन्हा वाजवले जाते तेव्हा

प्रश्न : माझ्या वडिलांनी साठच्या दशकात नागपूरच्या सदर भागातील एका चित्रपटगृहात ‘बेन-हर’ पाहिला होता, आणि त्यातील संगीताविषयी ते अखेरपर्यंत बोलत असत. प्रागच्या वाद्यवृंदाने त्या संगीताचे केलेले संपूर्ण नवे ध्वनिमुद्रण मुलाने मला नुकतेच ऐकवले. ध्वनी अतिशय स्वच्छ आहे, तरी मनातली शंका जात नाही. पूर्वी सीताबर्डीवरून जुन्या गाण्यांची म्हणून आणलेली कॅसेट घरी लावली की भलताच आवाज निघत असे. हा प्रकार त्याहून वेगळा कसा मानायचा?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि त्या कॅसेटींनी फसलेल्यांत प्रस्तुत लेखकही आहे. वेष्टनावर चित्रपटाचे नाव ठळक आणि गाणाऱ्याचे नाव मुंगीएवढे असे. ते वाचायला चष्मा लागे आणि चष्मा नेमका घरी राहिलेला असे. परंतु या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. हिंदी चित्रपटगीत बव्हंशी एका विशिष्ट गळ्यात वस्ती करून असते. मिक्लोश रोझा यांनी विल्यम वायलर यांच्या १९५९च्या, ख्रिस्तकालीन रोमन साम्राज्यात घडणाऱ्या हॉलिवूड चित्रपटासाठी रचलेले संगीत मात्र कागदावर, स्वरलिपीत, नांदते. कोणते वाद्य कोणता स्वर किती मात्रा धरील आणि त्या वेळी बाकीचे काय करतील, हे तेथे लिहिलेले असते, म्हणून ते वाजवणारा प्रत्येक वृंद त्या कागदाचे एक वाचन करीत असतो.

यावर आपण म्हणाल की पहिले वाचन खुद्द रचनाकाराचे होते, मग दुसऱ्याची गरज काय? ते खरे आहे. एमजीएम स्टुडिओच्या शंभर वादकांच्या वृंदाचे संचालन रोझा यांनी स्वतः केले, आणि बारा बैठकांत, एकूण ७२ तास खपून, ते संगीत ध्वनिमुद्रित झाले. लय किती चढवायची आणि कोठे थांबायचे याबाबत त्या ध्वनिमुद्रणाचा शब्द अखेरचा मानावा, असे माझेही मत आहे. पण ते पडद्यावरील दृश्याच्या सेकंदांना बांधलेले होते, आणि प्रेक्षकांपर्यंत पोहोचले ते संवाद, वल्ह्यांचा आवाज आणि गर्दीचा कोलाहल यांच्या खालून.

याहून मौजेची गोष्ट वेगळीच आहे. चित्रपटाच्या वेळी ‘बेन-हरचे संगीत’ म्हणून जी तबकडी विकली गेली, तिच्यात चित्रपटातील ध्वनिमुद्रण नव्हतेच. ती रोममधील वाद्यवृंदाने, कार्लो साविना यांच्या संचालनाखाली, स्वतंत्रपणे वाजवलेली होती. पुढे १९७७ मध्ये रोझा यांनी लंडनला नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून निवडक भाग डेक्का कंपनीसाठी नव्याने वाजवून घेतला. चित्रपटाचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण विस्ताराने श्रोत्यांच्या हाती आले ते १९९६ मधील दोन आणि २०१२ मधील पाच सीडींच्या संचांतून. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीतील कोणी ती पहिली तबकडी घरी लावून ‘हेच ते’ म्हणत डोळे मिटले असतील, तर त्यांनीही ‘नवे ध्वनिमुद्रण’च ऐकले होते. त्यामुळे आपली आठवण खोटी ठरत नाही, मात्र ‘मूळ’ या शब्दाला आपण देतो तेवढा भाव देणे कठीण होते.

आपल्याकडील जवळचे उदाहरण नाट्यपदांचे आहे. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला ज्यांचे नाव आहे, त्या वसंतराव देशपांडे यांनी ‘कट्यार काळजात घुसली’मधील पदे अजरामर केली आणि पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ती गायली, तेव्हा कोणी त्याला बनावट म्हटले नाही. पण ही तुलना फार ताणू नये. नाट्यपदात गायकाला आपली जागा घेण्याची, एखादी तान वाढवण्याची मोकळीक असते. प्रागच्या वादकाला एकही स्वर पदरचा घालता येत नाही. त्याचे सारे स्वातंत्र्य वजन, लय आणि वाद्यांचा परस्पर तोल यांत आहे.

प्रश्न : स्वरलिपी लिहिलेलीच होती, तर प्रागच्या वृंदाने संपूर्ण संगीत पुन्हा वाजवायला २०१७ साल का उजाडावे लागले?
— एक संगीत शिक्षिका, सक्करदरा, नागपूर

उत्तर : खर्च हे एक कारण आहेच, सुमारे अडीच तासांचे संगीत, मोठा वाद्यवृंद आणि गायकवृंद यांचा हिशेब कोणालाही करता येईल. दुसरे कारण अधिक क्लेशदायक आहे. १९६९-७०च्या सुमारास एमजीएमने आपल्या संगीत-ग्रंथालयातील पूर्ण स्वरलिपी आणि वादकांचे सुटे कागद अडगळ ठरवून जमिनीच्या भरावात टाकून दिले. कितीतरी चित्रपटांच्या बाबतीत मागे उरल्या त्या केवळ संचालकासाठी केलेल्या संक्षिप्त प्रती, ज्यांत साऱ्या वृंदाचे संगीत पियानोसारखे तीन-चार ओळींत कोंबलेले असते. अशा प्रतीवरून पूर्ण स्वरलिपी सिद्ध करणाऱ्याला जुने ध्वनिमुद्रण कानाला लावून बसावे लागते आणि ही ओळ नुसत्या व्हायोलिनांची की तिच्याखाली क्लॅरिनेटही आहे, याचा निवाडा मात्रेमात्रेला करावा लागतो. आपल्याकडे जुन्या तबकडीवरून बंदिश उतरवून घेणाऱ्याला हे श्रम समजतील. येथे फक्त एका गळ्याऐवजी शंभर वाद्ये असतात. रोझा यांच्या बाबतीत नशीब एवढेच की त्यांचे संगीतविषयक कागद अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात जतन झाले आहेत. टॅडलो या कंपनीचे हे ध्वनिमुद्रण सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिकने निक रेन यांच्या संचालनाखाली केले असून ते दोन सीडींचे आहे.

प्रश्न : मला पाश्चात्त्य संगीताची जाण नाही. नव्या ध्वनिमुद्रणात नेमके काय ऐकावे? रथांच्या शर्यतीचे संगीत कोठे आहे, तेही कळवावे.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, महाल, नागपूर

उत्तर : शर्यतीचे संगीत आपल्याला सापडणार नाही, कारण ते लिहिलेलेच नाही. रथ दौडू लागल्यावर तेथे फक्त टापा, चाके आणि गर्दी ऐकू येते. संगीत आहे ते त्याआधीच्या रथस्वारांच्या संचलनाला. प्राचीन रोमचे संगीत लिखित स्वरूपात जवळजवळ उरलेलेच नसल्यामुळे पितळी वाद्यांचा तो दणदणाट रोझा यांनी कल्पनेने घडवला आहे. त्यात दोन स्वर चौथ्या किंवा पाचव्याच्या (आपल्या सा-म किंवा सा-प एवढ्या) अंतराने जोडीने चालतात, म्हणून तो कठोर आणि पोकळ वाटतो.

जाण नसल्याची खंत बाळगू नये. लयीचा कान आपल्याकडे असणारच. गलबतावरील गुलामांच्या वल्हवण्याचा तुकडा त्या कानाने ऐकावा. एकच छोटा घोष पुन्हा पुन्हा येतो आणि नगाऱ्यावरील ठोक्यांबरोबर लय टप्प्याटप्प्याने चढत जाते, जशी विलंबितातून द्रुतात जावी, पण सुखाशिवाय. नव्या ध्वनिमुद्रणात या जागी खालच्या तंतुवाद्यांचे घासणे सुटे ऐकू येते, आणि केवळ तेवढ्यासाठीही ते घ्यावे असे मला वाटते. उलट जुन्या ध्वनिमुद्रणात शेवटच्या टप्प्याला जी धाप लागते, ती प्रागच्या शिस्तशीर वादकांना लागलेली मला जाणवली नाही.

दुसरी जागा ख्रिस्ताच्या स्वरवाक्याची, म्हणजे त्याच्यासाठी योजलेल्या सुरावटीची. चित्रपटात ख्रिस्ताचा चेहरा कोठेही दिसत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही. त्याचे अस्तित्व ऑर्गन आणि तंतुवाद्यांचे अगदी वरचे, काचेसारखे बारीक स्वर यांवर सोपवलेले आहे. हे स्वर इतके हळू आहेत की एप्रिल ते जून या काळात नागपुरात कूलर सुरू ठेवून ते ऐकणे व्यर्थ होय. पहाटे साडेपाचच्या सुमारास, कूलर बंद करूनही बसवते अशा वेळी, ही सीडी लावावी.