चाचे बोटीवर चढले तर माझा मुलगा काय करणार?

गुहागरहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतोय, वडिलांची स्वतःची मासेमारीची होडी आहे, आणि सोमाली चाच्यांच्या बातम्या बघून आईची झोप उडालीय.

ताई, तुमची भीती खोटी नाही. पण त्याला चाच्यांशी लढावं लागेल हे आधी डोक्यातून काढा. त्याचं काम म्हणजे सोमालियाजवळच्या एडनच्या आखातात शिरायच्या आधीच रेलिंगला काटेरी तारा बांधायच्या, डोळ्यात तेल घालून पहारा द्यायचा आणि अलार्म वाजला की सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद होणाऱ्या मजबूत खोलीत, पळायचं. आता यात सगळ्यात महत्त्वाचं काय तर सगळेच्या सगळे आत पाहिजेत, एक जरी बाहेर चाच्यांच्या तावडीत राहिला तर नौदलाचे हात बांधले जातात, म्हणून डोकी मोजतात आणि मोबाईल आणायला केबिनकडे पळालेला एक पोरगा सगळ्यांचा जीव टांगणीला लावतो. जानेवारी २०२४ मध्ये लीला नॉरफोक या मालवाहू जहाजावरचे २१ जण, त्यातले १५ भारतीय, असेच आत जाऊन बसले, मग आयएनएस चेन्नई या आपल्या युद्धनौकेवरून नौदलाचे मार्कोस कमांडो आले आणि सगळे सुखरूप सुटले.

कमांडो आले तरी धावत समोर जायचं नाही हं, कोण खलाशी कोण चाचा हे त्यांना कळत नसतं. खाली आडवं व्हायचं, रिकामे हात दिसू द्यायचे, फ्लॅश मारून फोटो तर अजिबात नाही.

मला जास्त काळजी उलट्या चुकीची वाटते. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ एनरिका लेक्सी टँकरवरच्या इटालियन नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार गेले, घरी वाट बघणारी माणसं होती त्यांची. तुमचा मुलगा होडीवर वाढलाय, जाळं टाकून बसलेली बोट आणि शिडी घेऊन सुसाट येणारी बोट यातला फरक त्याला लांबून कळेल, आणि पहाऱ्यावर असं पोरगं असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याला एकच विचारा, तेच ड्रिल पन्नासाव्यांदा न कंटाळता करशील का? हो म्हणाला तर आयएमयू सीईटीचा, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरा, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ६० टक्के लागतात. फी भरायच्या आधी डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याची टेस्ट आधी. आणि नोकरी लावतो म्हणून पैसे मागणारा एजंट आला तर दारातूनच परत पाठवा.