तीस सिटिंगमधली बारा उरलीत, काय करू?

मणक्यांच्या तक्रारींची पत्रं नेहमीच येतात. या वेळी मात्र त्यांतली बरीचशी एकाच विषयावर आहेत: कायरोप्रॅक्टिक. मोबाइलवर मान फिरवून कडकन आवाज काढणारे व्हिडिओ आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेले ‘स्पाइन वेलनेस’चे फलक, यांचा हा परिणाम. गोंधळ सगळ्यांचा सारखाच आहे, म्हणून उत्तरं एकत्र देतो. पत्रावरून निदान होत नाही, हे कृपया पुन्हा विचारू नये.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मसाजच ना? (चिंचवड)

नाही. मसाज स्नायूंना करतात. इथे सांध्याला ठरावीक दिशेने छोटा, झटकन धक्का देतात. १८९५ साली अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हेनपोर्ट इथे डी. डी. पामर यांनी याची सुरुवात केली. त्याआधी ते चुंबकीय उपचार करत. बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ जागचं हललेल्या मणक्यात असतं, हा त्यांचा दावा टिकला नाही. साध्या कंबरदुखीत काही जणांना अशा धक्क्याने थोडा आराम पडतो आणि व्यायामाच्या जोडीला तो वापरायला हरकत नाही, एवढं परदेशातल्या मार्गदर्शक सूचनाही मान्य करतात. मधुमेह, थायरॉईड, वंध्यत्व यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. फलकावर ही नावं दिसली तर पुढच्या दुकानाकडे वळा.

कडकन आवाज आला म्हणजे सरकलेली गादी जागेवर बसली, असं सांगतात. खरं का? (इचलकरंजी)

खोटं. सांध्यातल्या वंगणात वायू विरघळलेला असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोट ओढताना चालू एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना टिपली आहे. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं लागतात. गादीचं म्हणाल तर ती दोन मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती फुगते, फाटते, तिचा गर बाहेर येऊन नस दाबतो. तो गर बाहेरून ढकलून आत घालता येत नाही. बऱ्याचदा शरीरच तो काही महिन्यांत जिरवतं आणि श्रेय शेवटी ज्याने हात लावला त्याला मिळतं.

रोज बोटं मोडल्याने संधिवात होतो का? (परभणी)

नाही.

केस कापून झाल्यावर सलूनवाला मान मोडून देतो. बरं वाटतं. बंद करू का? (कल्याण)

हो, आजच. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांतल्या भोकांतून जातात. मान जोरात पिळली की त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हे क्वचितच होतं, पण झालं तर तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसालाही होतं. धक्का आणि धमनीची इजा यांचा संबंध अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली नोंदवला आहे आणि मानेला हात लावण्याआधी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यावी, असं म्हटलं आहे. सलूनवाल्याने तुम्हाला दिली होती का? मान मोडल्यावर कधी नव्हे असं डोकं-मान ठणकू लागली, भोवळ आली, एकाची दोन माणसं दिसू लागली, बोलताना जीभ अडखळली, तर झोपून वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि मान मोडल्याचं न लाजता सांगा.

वडील अडुसष्ट वर्षांचे. हाताला मुंग्या येतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना चप्पल पायातून निसटते आणि त्यांना कळतही नाही. पुण्याच्या एका प्रसिद्ध कायरोप्रॅक्टरची पुढच्या महिन्याची वेळ मिळाली आहे. तोवर कोणता पट्टा लावू? (सातारा)

ती वेळ रद्द करा. मानेत मज्जारज्जूच दबत असावा, अशी शंका घ्यायला एवढी लक्षणं पुरे आहेत. याच आठवड्यात मणक्याच्या शल्यविशारदाला किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी तपासेपर्यंत मानेला कोणालाही हात लावू देऊ नका, मसाजवाल्यालाही नाही. पट्ट्याचा प्रश्न त्यानंतरचा.

आईचं वय अठ्ठावन्न. चार महिन्यांपासून पाठीच्या मधोमध दुखतं. एका केंद्रात तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतलं. अठरा झाली, फरक नाही. ते म्हणतात, ‘शरीरातले टॉक्सिन बाहेर पडताहेत, म्हणून आधी दुखणं वाढतं.’ हल्ली संध्याकाळी अंग कोमट लागतं, जेवण कमी झालंय, ब्लाऊज सैल होताहेत. एक्स-रे नॉर्मल आहे. उरलेली बारा सिटिंग पूर्ण करावीत का? पैसे परत मिळणार नाहीत म्हणतात. (लातूर)

करू नका. एकही नको.

तुमच्या पत्रातली शेवटून तिसरी-चौथी वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. मी सुरुवात तिथूनच करतो. चार महिने टिकलेली मधल्या पाठीची दुखी, संध्याकाळची कणकण, घटलेलं वजन. आपल्या देशात हे ऐकल्यावर मणक्याचा क्षयरोग मनात आलाच पाहिजे. या वयात हाडांचा कर्करोग किंवा ठिसूळ हाडामुळे दबलेला मणका, हेही. तिन्हींपैकी काहीच नसेल तर उत्तम, पण ते तपासूनच कळेल.

‘टीबी तर फुप्फुसांचा असतो, आईला खोकला नाही,’ असं तुम्ही म्हणाल. हाडांचा टीबी होतो तेव्हा निम्म्या वेळा तो मणक्यातच असतो आणि खोकल्याचा पत्ता नसतो. कित्येकांना तापही येत नाही. एक्स-रे नॉर्मल असण्यावर विसंबू नका. हाडाचा साधारण तिसरा हिस्सा पोखरला जाईपर्यंत साध्या एक्स-रेत फारसं काही दिसत नाही. एमआरआयमध्ये बरंच आधी दिसतं. रक्तातला ईएसआर (शरीरात दाह असल्याचं सुचवणारी साधी तपासणी) वाढलेला असला तर संशय बळावतो, पण त्यावरून निदान होत नाही. शक्य तिथे सुईने तुकडा काढून तपासतात, कारण औषधं दीर्घकाळ घ्यायची असतात आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे आधीच कळलेलं बरं.

यंत्रांच्या आधीही काही गोष्टी दिसतात. अशा रुग्णाला जमिनीवर पडलेलं नाणं उचलायला सांगा. तो कमरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली बसतो, नाणं उचलतो आणि मांडीवर हात रोवत उठतो. पाठीवरून एकेका मणक्यावर मुठीने हलकेच ठोकत गेलं की एका ठिकाणी तो दचकतो. या तपासणीला दोन मिनिटं लागतात, खर्च शून्य. अठरा सिटिंगमध्ये ती कोणी केली का, हे आईला विचारा. माझा अंदाज आहे की पहिल्या दिवशी पावती फाडली आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर पालथं झोपवलं.

माझा राग कायरोप्रॅक्टिकवर नाही, पॅकेजवर आहे. चांगला उपचार करणारा माणूस, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, तीन-चार वेळांत फरक पडला नाही तर थांबतो आणि पुन्हा विचार करतो. तीस सिटिंगचे पैसे आधीच घेतलेल्याला थांबायची सोय राहत नाही. थांबायचं म्हणजे पैसे परत करायचे. मग ‘टॉक्सिन’ निघतात, ‘शरीर जुळवून घेतंय’, ‘पंचवीसनंतर फरक दिसेल’. घरचेही भरलेल्या पैशांसाठी फेऱ्या मारत राहतात. इकडे मणका पोखरत जातो, पू साठतो, मज्जारज्जूवर दाब येतो. पोखरलेल्या मणक्यावर धक्का दिला तर तो खचू शकतो आणि चालत आलेलं माणूस स्ट्रेचरवरून जातं. टीबीची औषधं वेळेत सुरू झाली तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, म्हणून वाया गेलेल्या महिन्यांची जास्त चीड येते.

आता कामाचं. उद्या सकाळी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा, जुने एक्स-रे सोबत न्या. टीबी निघालाच तर सरकारी रुग्णालयात औषधं मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी निक्षय पोषण योजनेत महिना हजार रुपये मिळतात. औषधं बहुधा वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतील. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाय लटपटू लागले तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या. पैशांचं शेवटी बघा: पावत्या जपून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या. आईची तपासणी त्यासाठी खोळंबता कामा नये.

एक्स-रे पाहून ‘मानेचा बाक गेला आहे, सरळ झाली आहे’ असं सांगितलं. बाक परत आणायला सहा महिन्यांचा कोर्स आहे. घेऊ का? (डोंबिवली)

मान दुखत असताना स्नायू आखडतात आणि एक्स-रेत मान सरळ दिसते. हनुवटी किंचित खाली घेऊन उभं राहिलं तरी तशीच दिसते. काहीही न दुखणाऱ्या कित्येकांची मान सरळ असते. उपचार तक्रारीवर करायचा असतो. मोफत ‘पोश्चर स्कॅन’ करून रंगीत कागद हातात देणाऱ्यांनाही हेच उत्तर लागू. मान खरोखर दुखत असेल तर एकदा तज्ज्ञांना दाखवा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. कोर्स नको.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय २९. आमच्या भागात फ्लॅट विकले जात नाहीत, भाव उतरलेत. बिल्डर खालचा गाळा बराच स्वस्त देतोय. कर्ज काढून तिथे ‘कायरोप्रॅक्टिक वेलनेस सेंटर’ काढण्याचा विचार आहे. मंदीत घेतलेली जागा पुढे फायद्याची ठरेल ना? (पनवेल)

जागेच्या भावाचं मला विचारू नका. ते सांगायला सीए आहेत. धंद्याचं मात्र सांगतो, कारण वरच्या लातूरच्या पत्राचा उगम तुमच्यासारख्याच एखाद्या हिशेबात असतो.

फ्लॅट विकले जात नाहीत म्हणजे तिथे माणसं राहायला आलेली नाहीत. तुमचे रुग्ण कोण? एकदा रात्री नऊ वाजता त्या इमारतींसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. गाळा स्वस्त का, हे तिथेच कळेल. अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव कोसळले, २००८ साली लेहमन ही बडी बँक बुडाली आणि मंदी आली. अशा काळात ज्याची कंबर धरली आहे तो येतोच. ‘महिन्यातून एकदा मेंटेनन्स’वाला मात्र आधी बंद होतो, कारण त्याला काही झालेलंच नसतं. तुमचा सगळा आराखडा या दुसऱ्या माणसावर उभा आहे. तो आला नाही की हप्ता भरायला पॅकेज विकावी लागतात आणि पॅकेज विकली की रुग्णाला वेळेत पुढे पाठवायला हात धजत नाही.

तेव्हा हिशेब एकेका भेटीच्या फीवर मांडा, तोही पहिलं वर्षभर निम्म्याच वेळा भरतील असं धरून. त्यात हप्ता बसत नसेल तर गाळा घेऊ नका. भाड्याने सुरुवात करा. करार नोंदणीकृत हवा आणि लॉक-इनचा काळ (ज्यात जागा सोडता येत नाही) वाचून सही करा. घ्यायचाच असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासा, भोगवटा प्रमाणपत्र पाहा, तिथे दवाखाना चालवायला परवानगी आहे का विचारा आणि कागद वकिलाला दाखवा. जीएसटीचं सीएला विचारा. ‘वेलनेस’ या नावाखाली काय काय करपात्र होतं हे पाटी रंगवण्याआधी कळलेलं बरं.

पाटीचंही बोलू. जिथे कायरोप्रॅक्टरला परवाना देतात तिथे हा काही वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे त्यांची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, म्हणून दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं तरी कोणी विचारत नाही. तुमच्याकडे पदवी आहे आणि राज्य परिषदेची नोंदणीही असेल. पाटीवर तेवढंच लिहा.

मी एडिसनला मुलाकडे स्थायिक आहे, वय ७४. दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडे जातो. मेडिकेअरने या वर्षी पैसे नाकारले. अन्याय नाही का? (न्यू जर्सी)

नाही. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मणक्याच्या धक्का-उपचाराला पैसे देतो ते सुधारणा अपेक्षित असेल तोवर. नुसत्या ‘मेंटेनन्स’ला, म्हणजे आहे ते टिकवण्यासाठीच्या भेटींना, देत नाही. तुम्ही पत्रात रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं लिहिलं आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना या भेटी माहीत आहेत का? पुढच्या भेटीआधी त्यांना सांगा आणि हाडांची घनता तपासली नसेल तर तपासून घ्या.

नातू दोन महिन्यांचा आहे, संध्याकाळी फार रडतो. शेजारणीने सांगितलं, बाळाची मान-पाठ ‘अलाइन’ करून देणारे आहेत. रविवारी शिबिर आहे, नाव नोंदवू? (नगर)

नको. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि रविवारच्या आधी न्या. तान्ह्या बाळाच्या मानेला शेजारणीच्या ओळखीच्या माणसाचे हात लागता कामा नयेत. मालिश करणाऱ्या बाईंनाही मान ओढू नका म्हणून बजावा.