विद्यापीठात रुजू होताना: पुण्यातल्या भाड्याच्या घराची प्रश्नोत्तरे

मे महिना लागला की माझ्याकडे ठरावीक पत्रांचा गठ्ठा येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, नाहीतर पाषाणच्या आयसर किंवा एनसीएल या संशोधन संस्थांमध्ये नेमणूक झालेली असते. रुजू व्हायची तारीख हातात असते, सोबत जोडीदार, एक-दोन मुलं, कधी सासूबाई असतात आणि घर तेवढं नसतं. मी भाडेकरारांची वकिली करते म्हणून उत्तरं देते. मात्र इथलं वाचून कुणी परस्पर सही करू नये. आपला मसुदा आपल्या वकिलाला दाखवावा.

प्रश्न: ऑनलाइन जाहिरातीत औंधचा टू बीएचके १८,००० रुपयांत दिसला. मालक सैन्यात असून बदली झाली आहे म्हणतात. घर दाखवण्याआधी 'गेट पास'चे ५,००० रुपये क्यूआर कोडवर मागतात, नंतर परत करणार आहेत. पाठवू का? (नांदेड)

नाही. घर आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही. पैसे 'परत मिळवायला' यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. आधीच पाठवले असतील तर हे वाचणं थांबवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न: क्वार्टर मिळेपर्यंत गेस्ट हाऊसमध्ये दिवस काढता येतील का? (अकोला)

दिवस निघतील, महिने निघणार नाहीत. प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक कितवा, हे इस्टेट विभागात लेखी विचारा. 'दोन महिन्यांत होईल हो' हे विभागातल्या सहकाऱ्याचं वाक्य आहे, त्यावर मुलांची शाळा ठरवू नका. आणि क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद होतो, तो हिशेबही आधी मांडा.

प्रश्न: एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे, रजिस्ट्रेशनची गरज नाही, सगळे असंच करतात. आमचा मुलगा तिसरीत आहे. हे चालेल ना? (कोल्हापूर)

चालणार नाही. या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा दिलं आहे की आता जरा सविस्तरच देते.

अकरा महिन्यांची ही गोष्ट १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक एक महिना कमी करून पळवाट काढू लागले. इतर राज्यांत ती कुठे कशी चालते ते तिथल्या वकिलांना विचारा. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं, की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी आणि एका महिन्याचा असला तरी. नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. म्हणजे नोटरीवर भागवणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. तुमचा मालक 'कशाला कटकट' म्हणत असेल तर हे वाक्य त्याला वाचून दाखवा, लगेच तयार होईल.

आता खर्च. भाडं ३०,००० आणि परतीचं डिपॉझिट १ लाख धरा. २४ महिन्यांचं भाडं ७,२०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने दोन वर्षांचं काल्पनिक व्याज २०,०००. बेरीज ७,४०,०००, तिच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १,८५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर कागदपत्र हाताळणीचा आकार आणि घरी मशीन घेऊन अंगठे घ्यायला येणाऱ्याचे पैसे. ३०,००० च्या घराची दलाली साधारण महिन्याच्या भाड्याइतकी देता आणि या रकमेवर घासाघीस करता, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

मग एजंटला अकरा महिनेच का हवे असतात? कारण अकरा महिन्यांनी तो पुन्हा येतो. नवा करार, नवी फी, काही ठिकाणी पुन्हा अर्ध्या महिन्याची दलाली, आणि मालकाच्या कानात 'बाजारभाव वाढलाय' हा मंत्र. कायद्याने मुदत अकराच हवी असं कुठेही नाही. ६० महिन्यांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स करार सर्रास नोंदवला जातो.

आणि तुमच्या तिसरीतल्या मुलाचा प्रश्न खरा इथे आहे. ऑक्टोबरमध्ये रुजू होऊन अकरा महिने घेतलेत, तर मुदत संपते ती सप्टेंबर सुरू होता होता, म्हणजे शाळेचं वर्ष ऐन भरात असताना. लायसन्सची मुदत संपली की राहण्याचा हक्क संपतो. मालक याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) गेला तर घर सोडावं लागतं आणि जितके दिवस जास्त राहाल तितक्या दिवसांची दुप्पट रक्कम भरावी लागते. 'मूल शाळेत आहे' हे तिथे ऐकून घेतलं जात नाही. म्हणून मुलं शाळेत जाणारी असतील तर कराराची शेवटची तारीख एप्रिल-मेमध्ये पाडा, मग मुदत १९ महिने येवो की ३१. भाडेवाढ किती टक्के आणि कोणत्या महिन्यापासून, हे आजच लिहून घ्या. मालकाने मधेच घर मागू नये यासाठी लॉक-इन (ठरावीक काळ करार मधेच मोडता येणार नाही ही अट) त्यालाही लागू करा. छापील नमुन्यात ते बहुधा फक्त तुमच्या गळ्यात असतं. मसुदा सहीच्या आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी मागा आणि वकिलाकडे न्या.

प्रश्न: मी कंत्राटी सहायक प्राध्यापक आहे, माझी नेमणूकच अकरा महिन्यांची. मालक दोन वर्षांचा करार आणि एक वर्षाचा लॉक-इन मागतो. (जळगाव)

विद्यापीठालाही अकराच आकडा आवडतो, काय करणार! लॉक-इन मान्य करू नका, किंवा 'नेमणूक संपल्यास वा नूतनीकरण न झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीने, दंडाशिवाय घर सोडता येईल' असं कलम घालून घ्या आणि नेमणुकीचं पत्र करारासोबत जोडा. मालक अडून बसला तर दुसरं घर बघा.

प्रश्न: बाणेरच्या फ्लॅटचे मालक अमेरिकेत आहेत. त्यांचे वडील सही करतील, भाडं मात्र मुलाच्या खात्यात. काही अडचण? भाडं ३५,००० आहे. (सोलापूर)

दोन अडचणी. वडिलांकडे मुलाचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) हवं, आणि त्यात भाड्याने देण्याचा व करार नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. 'बाबाच सगळं बघतात' हे मुखत्यारपत्र नव्हे.

दुसरी अडचण बहुतेकांना माहीत नसते. दरमहा ५०,००० च्या आत भाडं असेल तर टीडीएस नाही, ही सूट निवासी मालकासाठी आहे. मालक अनिवासी भारतीय असेल तर ती मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून भाडेकरूने कर कापून भरायचा, दर साधारण ३० टक्के आणि वर सेस. न कापल्यास आयकर खात्याची नोटीस तुम्हाला येते, अमेरिकेला जात नाही. मालकाने कमी दराचं प्रमाणपत्र आणलं असेल तर गोष्ट वेगळी. सही करण्याआधी सीएला भेटा, नंतर नव्हे.

प्रश्न: मी एकटी आई आहे, मुलगी सात वर्षांची. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, 'आम्ही फक्त फॅमिलीला देतो', एनओसी मिळणार नाही. मालक तयार आहेत. (नागपूर)

आई आणि मुलगी हे कुटुंबच आहे. सेक्रेटरींना व्याख्या करायचा अधिकार कुणी दिला ते त्यांना विचारा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. मालकाने कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच जोडून पत्र द्यावं, पोच घ्यावी. भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) संस्था घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत आणि मालकाकडून. 'भाडेकरू डिपॉझिट' वगैरे तुमच्याकडून कुणी मागितलं तर पावती कोणत्या ठरावावर देणार ते लेखी मागा. बहुतेकदा मागणी तिथेच विरते.

तरीही नकार आला तर तो लेखी घ्या आणि मालकामार्फत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. त्या संस्थेचे नोंदवलेले उपविधी वेगळे असू शकतात, म्हणून प्रत आधी वकिलाला दाखवा. माझं खासगी मत विचाराल तर, भांडून जिंकलेल्या सोसायटीत मुलगी रोज संध्याकाळी खाली खेळायला जाणार आहे, तेही मोजा. विद्यापीठापासून याच अंतरावर शहाण्या सोसायट्याही आहेत.

प्रश्न: औंध महाग पडतं. पिंपळे निलख, सांगवी की सूस घ्यावं? मुलं लहान आहेत, सोबत सासरे. (सातारा)

भाड्याचा आकडा नंतर, आधी पाणी विचारा. सांगवी आणि पिंपळे निलख पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात आणि तिथे २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. इमारतीची साठवण टाकी मोठी असेल तर घरात जाणवत नाही, नसेल तर रोज जाणवतं. सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. हद्द आली म्हणजे नळ आला असं नसतं. अशा भागांत बरंच पाणी टँकर आणि बोअरवर चालतं, आणि उन्हाळ्यात टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये चढतं. ते बिल मालक भरणार की तुम्ही, हे करारात लिहा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, हे विसरू नका. लहान मुलं आणि म्हातारं माणूस घरात असताना 'आरओ लावलाय' हे उत्तर पुरेसं नाही. टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद वॉचमनकडे नाही, मॅनेजरकडे मागा. घर बघायला सकाळी सात-आठला जा आणि बाथरूमचा व स्वयंपाकघराचा नळ एकदम सोडा. दुपारी तीनला सगळ्याच इमारतींत पाणी असतं.

येण्याजाण्याचं म्हणाल तर, विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला आणि तेव्हापासून त्या चौकात कामं चालत आली आहेत. नकाशावरची दहा मिनिटं धरू नका. ऑफिसच्या वेळेला स्वतः एकदा जाऊन बघा.

प्रश्न: बीडच्या शाळेने मुलीचा दाखला अडवला आहे. इथली शाळा म्हणते, दाखल्याशिवाय आणि पुण्याच्या पत्त्याशिवाय प्रवेश नाही. (बीड)

शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५: दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि जुन्या मुख्याध्यापकाने तो ताबडतोब द्यायचा असतो. दोन्ही शाळांना लेखी अर्ज करा, पोच घ्या, नाही जमलं तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शासनाच्या विद्यार्थी पोर्टलवरची मुलीची नोंदही बीडच्या शाळेकडून पुढे पाठवून घ्या. पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार बहुतेक शाळा घेतात. नोटरीचा कागद परत करतात. आलं ना लक्षात?

प्रश्न: डिपॉझिट किती योग्य? जुन्या मालकाने रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं. (रत्नागिरी)

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची कमाल मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय बांधील नाही. बोलणी करताना मात्र उपयोगी पडतो. रंगकामाची रक्कम करारात नसेल तर कापता येत नाही, असेल तर तुम्हीच कबूल केलेली असते. किल्ली घेताच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. भिंतीची ओल, गीझरचा गंज, खिडकीची तुटलेली कडी, सगळं.

प्रश्न: घर आवडलं आहे, पण बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. वीजबिल वाचतं म्हणतात. (चिपळूण)

बाथरूमच्या आत असेल तर घेऊ नका. दार-खिडकी लावून गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं अंघोळ चालू आहे. मुलांना तर दार लावून घ्यायची हौस असते. मालकाला सांगा, गीझर बाहेर बाल्कनीत न्या नाहीतर विजेचा बसवा, आणि हे काम राहायला येण्याआधी पूर्ण होईल असं करारात लिहा. तो 'आधीचे भाडेकरू चार वर्षं वापरत होते' म्हणेल. म्हणू दे. त्याच फेरीत बाल्कनीचा कठडाही बघा: आडव्या पट्ट्या असतील तर दोन वर्षांचं मूल शिडीसारखं वर चढतं, तिथे जाळी लागेल. जाळीचा खर्च कुणाचा, तेही त्याच कागदावर.