गाऊन विकायचाय, पण बाबांना कसं सांगू?

पर्वरीहून एका मुलीचं पत्र आलंय, लांबलचक होतं, कापून देतेय. "ताई, जानेवारीत लग्न झालं. नवरा कॅथलिक. रिसेप्शनला मुंबईच्या डिझायनरकडून गाऊन शिवून घेतला, १ लाख ४० हजार, पैसे बाबांनी दिले. एकदाच घातला. भाड्याच्या फ्लॅटात कपाटाचं दारच लागत नाही त्याच्यामुळे. मला विकायचाय. सासूबाई म्हणतात ठेव, पुढे बाळाच्या बाप्तिस्म्याला त्यातूनच ड्रेस शिवू. आणि बाबांना कळलं तर? मी चुकतेय का?"

अगो बाय, चुकत काही नाहीयेस. ते न लागणारं दार रोज सकाळी तू ढकलतेस, बाकी कुणी नाही. मी माझा लग्नातला शालू बावीस वर्षं घडी घालून जपला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि भाचीच्या लग्नाला नेसायचा म्हणून काढला तर घडीघडीवर चिरलेला, पदराची जर अक्षरशः हातात आली. तेव्हा जपण्याचं कौतुक मला सांगू नकोस.

पण पत्रात गाऊनबद्दल चार ओळी आणि बाबांबद्दल पान भरून, म्हणजे घोडं कुठे अडलंय ते कळलं. त्यांना आधी सांग. फोनवर नको, घरी जाऊन, चहा पिताना. परवानगी मागायची नाही हां, फक्त सांगायचं, की बाबा तो दिवस मस्त झाला, आता गाऊन दुसऱ्या कुणाला तरी घालू दे. कारण तू गुपचूप फोटो टाकलास तर कुठली तरी आत्या दोन तासांत त्यांना फॉरवर्ड करणार, आपल्या गोव्यात वास्कोला शिंकलं तर पेडण्यात रुमाल काढतात. विकल्याचं दुःख एक वेळ पचेल, दुसऱ्याकडून कळल्याचं नाही पचणार. पैसे परत देऊ का असंही विचारून बघ, बहुतेक रागावतील, रागावू दे.

सासूबाईंचं सोपं आहे, डोक्यावरची जाळी, ती वेल, त्यांना दे. बाळाच्या ड्रेसला तेवढी भरपूर होते, आणि वेल नसली म्हणून गाऊनचं गिऱ्हाईक सहसा अडत नाही, पुष्कळ जणी वेल आपली वेगळी घेतात. गाऊनला मात्र कात्री लावू देऊ नकोस.

आता गाऊन. प्लॅस्टिकच्या कव्हरात असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच बाहेर काढ, आपल्या पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशीचे ठिपके पडतात. मलमलच्या जुन्या चादरीत गुंडाळून आडवा ठेव, मण्यांचं काम असेल तर लटकवल्यावर खांदे ओघळतात. घेर उजेडात उलटा करून बघ, लॉनवर नाचली असशील तर खाली लाल मातीची रेघ असणारच. आणि पांढरी वाईन किंवा सोडा सांडला असेल तर तेव्हा दिसत नाही, साखरेचा डाग महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो. ड्रायक्लीनवाल्याला कुठे काय सांडलं ते बोट ठेवून दाखव, नुसतं "साफ करा" म्हणू नकोस.

निम्मी किंमत आली तरी नशीब समज, अंगाच्या मापाने शिवलेल्याला तितकं गिऱ्हाईक नसतं. साइझचा आकडा लिहू नकोस, छाती, कंबर आणि खांद्यापासून उंची इंचात लिही, शिवणीत किती कापड सोडलंय तेही, म्हणजे सैल करता येईल का ते समोरचीला कळेल. डिझायनरचं बिल शोधून ठेव. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की जाहिरात टाक, डिसेंबर-जानेवारीच्या नवऱ्या त्याच सुमाराला कपडे बघायला लागतात. ट्रायल घरीच, आई नाहीतर नणंद सोबत असताना. आणि कुणी "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हटलं तर फोन ठेवून दे, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की तुझेच जातात.

पाठीमागचा एक हुक निघालाय असं शेवटी लिहिलंयस ना, तो आधी लावून घे, फोटो मग काढ.